सुट्या पैशांची पुंजी

प्रस्तावना

भाजी घेतल्यावर परत आलेले दोन-तीन रुपये आपण हिशेबात धरत नाही. ते खिशात जातात आणि संध्याकाळपर्यंत कोठे गेले हे सांगता येत नाही. हे सुटे पैसे मोबाइलच्या साहाय्याने आपोआप बाजूला काढण्याची सोय आता झाली आहे. ती कशी चालते आणि तिच्यात सावध कोठे राहावे लागते, हे पाठ वाचल्यावर आपणांस आपल्या शब्दांत सांगता यावे, अशी अपेक्षा आहे.

मूलपाठ

चेन्नई शहरात एग्मोर नावाचा भाग आहे. तमिळ लोक त्यास एळुंबूर म्हणतात. १९०८ साली सुरू झालेल्या येथील रेल्वे स्थानकातून तंजावरकडे जाणाऱ्या गाड्या सुटत आल्या आहेत. तंजावरवर १८५५ पर्यंत भोसले घराण्याची गादी होती. त्यामुळे मराठी प्रवाशास हे स्थानक अगदीच परके नाही. तेथून जवळच, पँथियन रस्त्यावर सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. ते १८५१ साली स्थापन झाले व १८५४ मध्ये एग्मोरला आले.

या संग्रहालयातील नाण्यांचा संग्रह मोठा आहे. त्यातील कितीतरी नाणी जमिनीखाली पुरलेल्या ठेव्यांतून आलेली आहेत. कोणी विहीर खणताना, कोणी शेत नांगरताना नाण्यांनी भरलेले मडके वर येते. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा कायदा १८७८ पासून आहे. असे ठेवे पाहताना मनात एकच विचार येतो : हे मडके ज्याने पुरले, तो ते काढावयास परत आला नाही. त्याने काटकसर केली, धन चोरापासून सांभाळले. पण ठेव्याची जागा बहुधा त्याच्याबरोबरच गेली.

आपल्या घरातील डाळीच्या डब्यातले पैसे ही त्या मडक्याचीच धाकटी बहीण. डब्यातील पैसा वाढत नाही, आणि तो हाताशी असल्याने टिकतही नाही. ही अडचण १९२८ साली कर्नाटकातील उडुपी येथे एका बँकेने ओळखली. डॉ. टी. एम. ए. पै आणि त्यांचे सहकारी यांनी १९२५ मध्ये काढलेली ही बँक पुढे सिंडिकेट बँक म्हणून प्रसिद्ध झाली व २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. बँकेचा माणूस रोज दारात येई आणि दोन आणे असले तरी ते घेऊन नोंद करी. हीच पिग्मी ठेव. विणकर, मासळी विकणारी बाई, छोटा दुकानदार यांना बँकेची पायरी चढण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागत नसे. बचत करण्याची बुद्धी त्यांच्यापाशी आधीच होती. बँकेने फक्त वाट जवळ केली. महाराष्ट्रातील बाजारपेठांत आजही पिग्मी एजंट हिंडताना दिसतो.

मोबाइलवरील नवी सोय म्हणजे दारात न येणारा पिग्मी एजंटच म्हणावा. समजा, आपण ४७ रुपयांचा किराणा घेतला. रक्कम ५० पर्यंत पूर्ण धरली जाते आणि वरचे ३ रुपये बचतीकडे वळतात. ११२ रुपयांच्या औषधावर ८ रुपये, ३६ रुपयांच्या दुधावर ४ रुपये. दिवसाला सरासरी २० रुपये निघाले, तर वर्षाला ७,३०० रुपये होतात. अमेरिकेत २००५ साली बँक ऑफ अमेरिकेने अशी योजना काढली. पुढे २०१४ मध्ये तेथेच एकॉर्न्स नावाचे अ‍ॅप आले. ते हे सुटे पैसे शेअर बाजाराशी निगडित निधीत गुंतवू लागले. आपल्याकडे २०२० साली यूपीआयवर ऑटोपे, म्हणजे एकदा दिलेल्या अनुमतीवर वारंवार पैसे वळते होण्याची व्यवस्था, सुरू झाली. त्यानंतर बंगळूरच्या जारसारख्या अ‍ॅपनी सुटे पैसे डिजिटल सोन्यात वळवण्यास प्रारंभ केला.

येथे थोडे थांबावे. बचत आपोआप होते याचा अर्थ ती फुकट होते असा नव्हे. सोन्यावर ३ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजे १०० रुपये दिले की सुमारे ९७ रुपयांचेच सोने पदरी पडते. विकतानाचा भाव खरेदीच्या भावापेक्षा कमी असतो, तो तोटा वेगळाच. महिन्याला २०० रुपये साठवणाऱ्याकडून एखाद्या अ‍ॅपने २० रुपये शुल्क घेतले, तर दहावा हिस्सा तेथेच गेला. मोठ्या गुंतवणुकीत न जाणवणारे शुल्क चिल्लरीला मात्र कुरतडते. शिवाय डिजिटल सोने आपल्या देखरेखीच्या कक्षेत येत नाही, असा इशारा सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे.

म्हणून पैसा कोणाच्या हाती जातो, हे आधी पाहावे. बँकेतील ठेवीला, व्याजासह, पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील पिग्मीला ते नसते. पुष्कळांना ही गोष्ट संस्था बुडाल्यावरच कळते! टपाल खात्याची आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून उघडता येते, आणि २०२५ पासून म्युच्युअल फंडातही २५० रुपयांच्या मासिक हप्त्याची योजना आली आहे. फंडात चढउतार असतो. उद्याच्या औषधपाण्याचे पैसे तेथे ठेवू नयेत. ऑटोपेला अनुमती देताना एका वेळी जास्तीत जास्त किती रक्कम कापली जाईल, तो आकडा वाचावा. ही अनुमती यूपीआय अ‍ॅपमधून केव्हाही रद्द करता येते.

आता पुन्हा एग्मोरच्या त्या मडक्याकडे वळू. विनासायास साठलेला पैसा विनासायास विसरलाही जातो. फोन बदलला, क्रमांक बंद पडला, माणूस दगावला, की घरच्यांना त्या ठेव्याचा पत्ता लागत नाही. बँकेत दहा वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात. असा पैसा शोधण्यासाठी २०२३ साली उद्‌गम नावाचे संकेतस्थळ सुरू झाले असून खातेदार किंवा वारस तो परत मागू शकतात. तरीही खाते उघडतानाच नामनिर्देशन करावे, म्हणजे आपल्या पश्चात पैसे कोणास मिळावेत त्याचे नाव लिहून द्यावे, आणि घरातील एका विश्वासू माणसास ते सांगून ठेवावे. पासवर्ड सांगण्याची गरज नाही. पैसे कोठे आहेत एवढे सांगितले तरी पुरे.

पाठगत प्रश्न

१. पिग्मी ठेव आणि मोबाइलवरील सुट्या पैशांची बचत यांत साम्य कोणते व भेद कोणता?
२. ‘चिल्लरीला शुल्क कुरतडते’ असे लेखकाने का म्हटले आहे? पाठातील आकड्यांच्या आधारे स्पष्ट करा.
३. आपल्या गेल्या आठवड्यातील पाच खरेद्या लिहा. प्रत्येक रक्कम पुढच्या दहापर्यंत पूर्ण धरून वर किती पैसे राहतात, याची बेरीज करा.