चाकांवरचे बिऱ्हाड

प्रस्तावना

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण ज्याचा संसार एका जागी ठरत नाही, अशा माणसाविषयी वापरली जाते. तिच्यात थोडी कीव असते आणि थोडा विनोदही. परंतु स्वतःच्या हौसेने, चांगले पैसे मोजून, दोन-तीन आठवड्यांसाठी असे बिऱ्हाड अंगावर घेणारी कुटुंबेही असतात. ज्या वाहनात स्वयंपाकाचा ओटा, बिछाने, शौचालय आणि पाण्याची टाकी यांची सोय असते, त्याला मोटारहोम म्हणतात. दुसऱ्या गाडीमागे जोडून ओढून नेण्याचे घर म्हणजे कॅरॅव्हॅन. भारतात मात्र दोहोंनाही कॅरॅव्हॅन म्हणण्याचा प्रघात पडला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. केरळनेही त्याच वर्षी ते केले. आपल्याकडे अशी गाडी बहुधा चालकासह मिळते, त्यामुळे तिच्या पोटातील यंत्रणा प्रवाशाला समजून घ्यावी लागत नाही. न्यूझीलंडमध्ये तसे नाही. तेथे गाडी, घर आणि दोहोंची जबाबदारी एकाच किल्लीबरोबर प्रवाशाच्या हाती येते.

भारतातून न्यूझीलंडला सहलीसाठी जाणाऱ्या कुटुंबाने ती किल्ली स्वीकारण्यापूर्वी कोणती तयारी करावयाची असते, याचे वर्णन या पाठात आहे. पाठ वाचताना करारपत्र, नोंदपत्रक आणि सूचना यांची भाषा कशी असते, याकडे विशेष लक्ष द्या.

घरून निघण्यापूर्वी

न्यूझीलंड पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात आहे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत थंडी असते, तेव्हा तेथे उन्हाळा असतो आणि गाड्यांना सर्वांत जास्त मागणी असते. म्हणून आरक्षण काही महिने आधी करावे लागते. वाहने तेथेही रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, ही भारतीय चालकाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. वाहन चालविण्याचा परवाना इंग्रजीत असेल तर तो पर्यटकाला चालतो. नसेल तर मान्यताप्राप्त भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ बाळगावा लागतो. हा आंतरराष्ट्रीय परवाना भारतात प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो. किमान वयाची अट प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते; ती बहुधा एकवीस वर्षांची असते.

आरक्षण करताना केवळ बिछाने मोजून भागत नाही, आसनपट्टेही मोजावे लागतात. गाडी धावत असताना प्रत्येकाने पट्टा बांधून बसणे कायद्याने बंधनकारक आहे. मागच्या बिछान्यावर आजी निजल्या आहेत आणि गाडी चालली आहे, हे दृश्य तेथे चालत नाही. सात वर्षांखालील मुलासाठी मान्यताप्राप्त बालआसन लागते. त्याची मागणी आरक्षणाच्या वेळीच नोंदवावी. ऐन वेळी मागितल्यास ते मिळेलच असे नाही.

सामानाची गोष्टही येथेच ठरते. कडक कवचाच्या मोठ्या बॅगा घडी घालून ठेवता येत नाहीत आणि गाडीतली जागा अडवून बसतात. त्यांच्याऐवजी मऊ कापडी पिशव्या घ्याव्यात. खाद्यपदार्थांबाबत न्यूझीलंडचे नियम अतिशय कडक आहेत. शेती आणि निसर्ग यांना बाहेरच्या किडीपासून जपण्यासाठी प्रत्येक प्रवाशाची तपासणी होते. मध नेता येत नाही. ताजी फळे, कढीपत्ता, बियाणे आणि घरगुती तूप यांचा मोह टाळलेला बरा. पाकीटबंद मसाले, पापड, लोणचे जे काही जवळ असेल, ते प्रवेशपत्रकात नोंदवावे. अधिकारी तपासून निर्णय देतात. नोंद न केलेला जोखमीचा पदार्थ सापडल्यास चारशे न्यूझीलंड डॉलरचा दंड जागेवरच होतो. पिशवीच्या तळाशी विसरलेले एक सफरचंदही त्यासाठी पुरेसे असते.

ताबा कोणत्या दिवशी घ्यावा

गाड्या देणारे आगार बहुतेक वेळा ऑकलंड किंवा क्राइस्टचर्च येथील विमानतळाजवळ असते. उतरल्याबरोबर गाडी घेतली तर एका रात्रीचे हॉटेलभाडे वाचते, असा हिशेब अनेकजण करतात. ही काटकसर खोटी आहे. जानेवारीत न्यूझीलंडचे घड्याळ भारताच्या साडेसात तास पुढे असते. ऑकलंडला दुपारचा एक वाजलेला असतो, तेव्हा आपल्या शरीराच्या हिशेबाने पहाटेचे साडेपाच झालेले असतात, आणि त्याआधीची रात्र विमानात बसून काढलेली असते. अशा अवस्थेत तीन मीटर उंचीची अनोळखी गाडी शहराच्या वाहतुकीतून नेणे धोक्याचे असते. शिवाय पेंगुळलेला माणूस समोरचा जे सांगेल त्याला मान डोलावतो आणि दाखवाल तेथे सही करतो. एक रात्र पूर्ण झोप घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आगारात गेल्यास प्रश्न विचारण्याइतके डोके ताजे राहते आणि पहिला मुक्काम उजेडी गाठता येतो.

करारातील बारीक अक्षरे

गाडीच्या भाड्यात विमा असतो, परंतु नुकसान झाल्यास पहिली काही रक्कम भाडेकरूने सोसावयाची असते. ही रक्कम हजारो डॉलरची असू शकते आणि तेवढी रक्कम कंपनी क्रेडिट कार्डावर अडवून ठेवते. दररोज अधिक पैसे भरल्यास हा भार कमी होतो. हे सर्वजण विचारतात. विचारले जात नाही ते असे, की पूर्ण विमा घेतल्यावरही कोणते नुकसान त्याच्या बाहेर राहते?

बहुतेक करारांत असे अपवाद असतात. झाडाच्या फांदीने किंवा कमी उंचीच्या कमानीने गाडीच्या छताला झालेली इजा, गाडीच्या तळाला बसलेला मार, हरवलेली किल्ली, बंदी असलेल्या रस्त्यावर झालेला अपघात हे त्यांतले नेहमीचे. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स खोऱ्यातील रस्ता आणि उत्तर टोकाकडील नाइन्टी माइल बीच ही ठिकाणे अशा बंदीच्या यादीत हमखास असतात. आणखी एक अपवाद वाचताना प्रथम हसू येते. डिझेलच्या टाकीत पाणी भरल्यास होणारे नुकसान विम्यात धरले जात नाही! प्रत्यक्षात हा प्रकार घडतो, कारण गाडीच्या बाहेरील अंगाला डिझेलचे झाकण असते आणि पिण्याच्या पाण्याचेही. घाईत नळी भलत्याच तोंडात जाते आणि इंजिनाची वाट लागते.

डिझेलच्या गाड्यांवर तेथे अंतरानुसार रस्ताकर आहे. पंपावरच्या दरात तो धरलेला नसतो. तो भाड्यात आहे की गाडी परत करताना वेगळा द्यावयाचा आहे, हे आधीच विचारून घ्यावे. अपघातात माणसाला दुखापत झाली तर उपचाराच्या खर्चाला १९७४ पासून चालत आलेली तेथील सरकारी योजना हातभार लावते आणि ती पर्यटकांनाही लागू आहे. आजारपणाचा खर्च मात्र तिच्यात येत नाही. त्यासाठी प्रवासविमा घ्यावा लागतो.

पाठगत प्रश्न : ‘ही काटकसर खोटी आहे’ असे लेखात का म्हटले आहे? करारातील कोणत्या अपवादामुळे प्रथम हसू येते, आणि तसा प्रकार का घडतो?

ताब्याचा तास

आगारातील कर्मचारी गाडी दाखवतो, तेव्हा त्याच्यामागे आणखी चार कुटुंबे ताटकळत असतात. तो भराभर बोलतो. त्याचे इंग्रजी उच्चारही कानाला नवे असतात. म्हणून प्रश्न घरीच मराठीत लिहून काढावेत, त्यांच्यापुढे उत्तरासाठी जागा सोडावी आणि कुटुंबातील कामे वाटून घ्यावीत. एकाने बाहेरून गाडी पाहावी, दुसऱ्याने आतील यंत्रणा समजून घ्यावी, तिसऱ्याने मोबाइलवर प्रात्यक्षिकाचे चित्रीकरण करावे. रात्री अकरा वाजता पाण्याचा पंप चालेनासा झाला की या चित्रीकरणाची किंमत कळते.

बाहेरून पाहताना पुढची काच, चाके, आरसे, कोपरे आणि छताची कड नीट न्याहाळावी. जुना ओरखडा किंवा काचेवरील टवका दिसल्यास तो नोंदपत्रकात लिहवून घ्यावा व त्याचे छायाचित्र काढावे. नोंदपत्रकावरील सही म्हणजे ‘गाडी मला या स्थितीत मिळाली’ असे लेखी मान्य करणे होय. जे त्यात लिहिलेले नाही, ते आपल्या हातून झाले असे नंतर धरले जाऊ शकते. कर्मचारी “एवढ्या ओरखड्याचे काही नाही” असे म्हणाला तरी तो ओरखडा लिहिला जाईपर्यंत सही करू नये. तो मनापासून बोलत असेल. पण गाडी परत घेताना समोर तोच असेल असे नाही.

आतील यंत्रणेत विजेचा मामला सर्वांत गोंधळाचा. गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनासाठी, दुसरी घरासाठी. दिवे आणि पाण्याचा पंप या दुसऱ्या बॅटरीवर चालतात आणि गाडी चालू असताना ती भरली जाते. मायक्रोवेव्ह किंवा भिंतीवरचे प्लग मात्र साधारणपणे बाहेरची वीज जोडल्यावरच चालतात. ती जोडणी पैसे भरून राहावयाच्या छावणी-उद्यानांत मिळते. तेव्हा कोणती वस्तू कशावर चालते, फ्रीज रात्रभर बॅटरीवर टिकतो का, हे एकेक नाव घेऊन विचारावे. गॅसची शेगडी स्वतः पेटवून पाहावी. सिलिंडर कोठे आहे आणि त्याची कळ कोणत्या बाजूला फिरवली की बंद होते, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असले पाहिजे. मोहरीची फोडणी खमंग झाली की छताला लावलेली धुराची घंटा ओरडू लागते. अशा वेळी खिडक्या उघडाव्यात; घंटा काढून ठेवू नये.

वापरलेल्या पाण्याची टाकी आणि शौचालयाची टाकी या दोन वेगळ्या असतात. त्या ठरवून दिलेल्या केंद्रांवरच रिकाम्या करावयाच्या असतात. हे काम कसे करावयाचे ते पाहून घेताना नाक मुरडून मागे उभे राहणाऱ्यावर पुढे ते काम करण्याची पाळी हटकून येते.

शौचालयाला तेथे कायद्याचेही महत्त्व आहे. नेमून दिलेल्या तळाबाहेर मोकळ्यावर गाडी उभी करून मुक्काम करण्याविषयी न्यूझीलंडमध्ये २०११ चा कायदा आहे. त्यात २०२३ मध्ये बदल झाले. आता स्वयंपूर्ण गाडी म्हणून हिरवे प्रमाणपत्र मिळण्यासाठी गाडीत पक्के बसवलेले शौचालय लागते, आणि बिछाना अंथरल्यावरही ते वापरता आले पाहिजे. किती माणसांसाठी गाडी स्वयंपूर्ण आहे, तो आकडाही प्रमाणपत्रावर असतो. ताबा घेताना हा आकडा आपल्या माणसांशी जुळतो का, ते पाहावे. प्रमाणपत्र असले तरी वाटेल तेथे थांबता येते असे नव्हे. प्रत्येक नगरपालिकेचे नियम निराळे असतात आणि ते मोडल्यास दंड चारशे डॉलरपासून सुरू होतो.

निघण्याआधी गाडीची उंची आणि लांबी कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी. वाहनतळाच्या कमानीखाली शिरताना ती आठवत नाही. वेलिंग्टनहून पिक्टनला जाणाऱ्या फेरीबोटीचे तिकीट काढतानाही हीच मापे द्यावी लागतात. सुमारे साडेतीन तासांच्या त्या प्रवासापूर्वी सिलिंडरची कळ बंद करावयाची असते. मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी शंभर किलोमीटर आहे. साडेतीन टनांहून जड गाडीला नव्वद. दक्षिण बेटावर एकेरी पूल बरेच आहेत. पुलाच्या तोंडाशी असलेला फलक कोणाला आधी जाण्याचा मान आहे ते सांगतो. पहिल्या दिवशी शे-सव्वाशे किलोमीटरहून लांबचा मुक्काम ठरवू नये.

स्वाध्याय

‘ताबा घेणे’, ‘मान डोलावणे’ आणि ‘नाक मुरडणे’ यांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा. तुमच्या घरातील कोणी खोली, दुकान किंवा वाहन भाड्याने घेत आहे अशी कल्पना करा. सही करण्यापूर्वी मालकाला विचारावयाचे सहा प्रश्न लिहा आणि त्या जागेची अथवा वाहनाची सद्यःस्थिती दर्शविणारे नोंदपत्रक तयार करा.