'भार' म्हणा, 'पार' म्हणा

प्रश्न : माझी पुतणी अमेरिकेत ध्वनिविज्ञानात पीएच.डी. करते. सुट्टीत आली की मला आणि माझ्या सासूबाईंना "आता 'पार' असं म्हणा", "आता 'भार' असं म्हणा" अशी वाक्यं पुनःपुन्हा वाचायला लावते. वर पंखाही बंद! प-फ-ब-भ आम्ही बिगारीत शिकलो. त्यात संशोधन करण्यासारखं काय उरलंय? आणि हिला पुढे नोकरी कोण देणार?
— एक काकू, मिरज

उत्तर : काकू, प आणि फ वेगळे आहेत हे बिगारीत कळलं, किती वेगळे, ते कुणी सांगितलं नाही. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'पळ' म्हणा, ती जेमतेम हलेल. ओठ मिटून 'फळ' म्हणा, फडफडेल. (दात ओठावर टेकवून फ म्हणणाऱ्या शहरी मंडळींनी 'टक' आणि 'ठक' म्हणून पाहावं.) ओठ उघडल्यापासून गळ्यातल्या स्वरतंतूंचं कंपन सुरू होईपर्यंत जो वेळ जातो, तो मिलिसेकंदांत मोजता येतो. अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेतले ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी १९६४ साली ११ भाषांमधलं हे अंतर मोजून प्रसिद्ध केलं. इंग्रजीचा प सरासरी ५८ मिलिसेकंदांचा निघाला, स्पॅनिशचा अवघा ४.

त्या ११ भाषांत मराठीही होती, आणि तिनेच पंचाईत केली. बहुतेक भाषा या एका मोजपट्टीवर बसल्या (कोरियननेही थोडा त्रास दिला म्हणा), पण हिंदी-मराठीचे भ, ध, घ काही बसेनात. कारण ब म्हणताना आणि भ म्हणतानाही कंपन ओठ उघडण्याआधीच सुरू होतं. फरक त्यानंतरच्या घोगऱ्या, श्वास मिसळलेल्या आवाजात असतो. तो नुसत्या वेळेच्या मापात कसा सापडणार?

आपल्याकडे तर म्हैस, न्हावी यांतले म्ह आणि न्हसुद्धा तसेच घोगरे. असे ध्वनी जगातल्या फार थोड्या भाषांत आहेत. केली बर्कसन यांनी कॅन्सस विद्यापीठात २०१३ साली नेमका यावरच पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. पाच पुरुष आणि पाच बायकांचं मराठी ध्वनिमुद्रित करून. त्यांना दिसलं ते असं : म आणि म्ह यांतला फरक ब आणि भ यांच्याइतका ठळक नसतो, आणि तो दाखवण्याची पुरुषांची रीत वेगळी, बायकांची वेगळी. मराठी माणूस म्ह जन्मभर बिनचूक ऐकतो, पण हे त्याच्या गावीही नसतं. मला विचाराल तर एवढ्या एका गोष्टीसाठीही ती पीएच.डी. वसूल.

आता तुमचा छळ. शब्द सुटा वाचला की माणूस तो ताणतो आणि वाक्याच्या शेवटी आला की आवाज खाली उतरतो, म्हणून 'भार' वाक्याच्या मधोमध. पंख्याची घरघर आणि भमधला श्वास संगणकाच्या पडद्यावर एकमेकांत मिसळतात, म्हणून पंखा बंद. आणि तुम्ही दहा वेळा 'भार' म्हणालात तर आकडे दहा वेगळे येतात. सासूबाईंचे आणखी निराळे. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं, फुकट मिळणारं 'प्राट' नावाचं सॉफ्टवेअर उघडून पुतणी त्यातली एकेक लहर ताणून बघत असणार. एकाच माणसाच्या बोलण्यातला फरक किती, माणसामाणसांतला किती, भाषाभाषांतला किती, हे वेगळं काढणं हेच तिचं काम. तेव्हा वाचताना शाळेतल्यासारखं शुद्ध बोलायला जाऊ नका. रोजच्या मिरजेच्या बोलीत वाचा. तिला तेच हवं असतं.

नोकरीचं म्हणाल, तर पीएच.डी.नंतर अनेकांना आधी मुदतीच्या करारावर पोस्टडॉक म्हणून राहावं लागतं. तिथे अनेक भाषांची ध्वनिमुद्रणं संगणकाकडून तोडून घ्यायची आणि त्याने केलेल्या चुका कानांनी शोधायच्या, असलं काम असतं. बोललेलं ओळखणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांनाही असे कान लागतात. प्राध्यापकीच्या जागा मात्र कमी आणि उमेदवार जास्त. त्यामुळे "कायम कधी होणार?" हे तिला एवढ्यात विचारू नका.