लहरी रेघ आणि ठोका

पियानोच्या नोटेशनमध्ये कॉर्डच्या डावीकडे उभी लहरी रेघ दिसली, की स्वर एकदम न दाबता खालून वर एकामागोमाग वाजवायचे, एवढं सगळ्यांना शिकवतात. ठोका त्यातल्या नेमक्या कोणत्या स्वरावर, हे मात्र बहुतेकदा राहून जातं. एकट्याने वाजवताना ते खपतं. साथीला बसलं की बिंग फुटतं.

मला ते एका व्हायोलिनवादिकेबरोबर कळलं. मी खालचा स्वर ठोक्यावर धरत होतो, ती वरच्या स्वराची वाट पाहत होती. दर ओळीच्या सुरुवातीला आम्ही केसभर मागेपुढे, आणि दोघांचीही तक्रार एकच, की समोरच्याची लय हलते. मेट्रोनोम लावूनही भांडण मिटेना, कारण आपापल्या हिशेबाने दोघंही बरोबर होतो. ख्यालात सम कुठे हे तबलजीला विचारावं लागत नाही; इथे आधी ठरवावं लागतं.

ढोबळमानाने, अठराव्या शतकातल्या रचनांत खालचा स्वर ठोक्यावर येतो. पुढच्या शतकातल्या भावपूर्ण रचनांत चाल वरच्या स्वरात असेल, तर खर्ज किंचित आधी वाजवून वरचा स्वर ठोक्यावर आणणं बरेचदा शोभतं. पण सालावरून निकाल लावू नका. शोपँच्या शिष्यांच्या प्रतींवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्यात अलंकाराचा पहिला स्वर थेट खालच्या खर्जाला जोडलेला दिसतो. आणि १८३३ साली छापलेल्या त्याच्या ओपस १० मधल्या अकराव्या एट्यूडमध्ये दोन्ही हात जवळजवळ सगळेच कॉर्ड उलगडतात. तिथे वरची चाल गुळगुळीत राहिली नाही, तर नुसता खुळखुळाट उरतो.

रेघही नीट पाहा. दोन्ही हातांना मिळून एकच सलग रेघ असेल, तर डाव्याच्या तळापासून उजव्याच्या टोकापर्यंत एकच ओघ. दोन तुटक रेघा असतील, तर दोन्ही हात एकाच वेळी सुरू होतात.

सगळ्यात जास्त घात करतं ते पेडल. ते ठोक्यावर बदलायची पायाला सवय असते. वरचा स्वर ठोक्यावर घेतलात, तर तोवर खर्ज वाजून बोटाखालून सुटलेला असतो; पाय त्या क्षणी वर आला की खर्ज पुसला जातो आणि कॉर्ड बिनबुडाचा होतो. म्हणून पेडल बदलायचं ते खर्जाबरोबर, वरच्या स्वराबरोबर नव्हे.

एकदा पेडलने खर्ज धरला की डाव्या हाताची करंगळी मोकळी करा. लांबच्या पल्ल्याचा कॉर्ड पंजा ताणून पकडून ठेवायचा नसतो. मनगट आणि कोपरापासूनचा हात करंगळीकडून अंगठ्याकडे वळू द्या, बोटं त्या वळणावर आपोआप पोचतात. पंजाच्या बाहेरच्या कडेला दुखू लागलं, तर त्या दिवशी तो कॉर्ड तिथेच थांबवा. जोर लावून पल्ला वाढत नाही.

सरावात आधी कॉर्ड न उलगडता, सगळे स्वर एकत्र वाजवा. लय पक्की होते. मग वरची चाल गुणगुणत उलगडा. ठोक्याच्या स्वराभोवती पेन्सिलीने गोल करा, आणि कुणाच्या साथीला बसणार असाल, तर पहिल्याच तालमीत तो गोल त्यांना दाखवा.