वाट पाहणारे बी

दसरा-दिवाळीच्या सुमारास जयसिंगपूरहून उदगावच्या शिवारात बांधाबांधाने एक फेरी मारा. पावसाळ्यात पिवळ्या फुलांनी सजलेला टाकळा आता वाळू लागलेला दिसेल. पावसाच्या सुरुवातीला ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात, तोच हा टाकळा, आयुर्वेदातला चक्रमर्द. त्याची एक वाळलेली शेंग फोडा. आत तपकिरी, चकचकीत बिया ओळीने बसलेल्या दिसतील.

हे बी शरद ऋतूत जमिनीवर पडते. जमिनीत अजून ओल असते, परतीचा पाऊसही येतो. मग बी लगेच का रुजत नाही? समजा रुजले, तर पुढे जूनपर्यंत त्याला पुरेसे पाणी कोण देणार? कोवळे रोप वाळून जाईल. ही फसगत टळावी म्हणून बीजावरणात कठीण पेशींचा दाट थर असतो. त्यातून पाणी आत शिरत नाही. बी काळ्या मातीच्या भेगांत पडून राहते. उन्हाळ्यात दिवसा ते तापते, रात्री निवते. असे पुनःपुन्हा झाले की आवरणातील एक नाजूक जागा सैल होते. मृगाचा पाऊस आला की तेथून पाणी आत जाते आणि मोड फुटतो. मात्र सगळ्या बिया एकाच वर्षी रुजत नाहीत. एखाद्या वर्षी पावसाने दगा दिला, तरी काही बिया शिल्लक राहतात.

युरोपातील अनेक रानफुलांचे बी शरद ऋतूत पेरतात, कारण त्यांना रुजण्यापूर्वी काही आठवडे थंडी लागते. आपल्या टाकळ्याला लागते ती उन्हाळ्याची धग. म्हणून तिकडचा नियम इकडे जसाच्या तसा लावून चालत नाही.

आता हा प्रयोग करून पाहा. टाकळ्याच्या ६० बिया घ्या. २० बिया तशाच ठेवा. २० बिया पॉलिशपेपरवर हलकेच घासा. उरलेल्या २० बियांवर मोठ्या माणसांच्या मदतीने कढत पाणी ओता व रात्रभर तसेच राहू द्या. मग तीन बशांत ओला टीपकागद घालून त्यावर त्या वेगवेगळ्या पसरा. कागद सुकू देऊ नका. रोज किती बिया फुगल्या, किती रुजल्या, ते दहा दिवस वहीत लिहा. गोकर्णाचे बीही असेच कठीण असते. त्यावरही प्रयोग करता येईल.

हे सारे कशासाठी? रस्त्याकडेला, पडीक जागी आता सगळीकडे गाजर गवत दिसते. अमेरिका खंडातील हे झुडूप १९५० च्या दशकात पुण्यात आढळल्याची नोंद झाली. त्याच्या स्पर्शाने काहींच्या अंगाला खाज सुटते, परागांमुळे दम्याचा त्रास होतो. त्याचे एक झाड हजारो बिया देते आणि ओल मिळाली की त्या कोणत्याही ऋतूत रुजतात. पण दाट वाढलेल्या टाकळ्याच्या सावलीत त्याची रोपे दबतात. म्हणूनच जबलपूरचे तण संशोधन निदेशालय सांगते : ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकळ्याचे बी गोळा करा आणि एप्रिल-मेमध्ये गाजर गवताच्या जागी फेका.

पण निसर्ग तर शरदातच पेरतो! मग शरदात फेकलेले बी जास्त उगवेल, की उन्हाळ्यात फेकलेले? शरदातल्या बियांना उन्हाळा मिळतो, पण पाऊस येईपर्यंत त्या मुंग्या-पाखरांपासून वाचायला हव्यात. उत्तर तुम्हीच शोधा. शाळेच्या आवारात, गुरुजींच्या परवानगीने, एक-एक मीटर लांबी-रुंदीचे दोन वाफे आखा. एकात आताच १०० बिया टाका. दुसऱ्यासाठी १०० बिया कागदी पुडीत कोरड्या ठेवा आणि मे महिन्यात टाका. जुलैमध्ये दोन्हीकडची रोपे मोजा.

दोन गोष्टी मात्र पाळा. शेतात टाकळा हे तणच ठरते, म्हणून कोणाच्या रानात बी फेकू नका. गाजर गवताला उघड्या हाताने शिवू नका.

पुडीवर आजची तारीख आणि बी गोळा केल्याची जागा लिहून ठेवा. जुलैपर्यंत वाट पाहायची आहे. बी तर पाहतेच आहे.