थंडीत बोटं पांढरी पडतात? स्क्लेरोडर्माची ओळख



कापूस वेचायला पहाटे निघालो की दवानं हात गारठतातच. पण काही बायांची बोटं गार पाण्यात घातल्याबरोबर खडूसारखी पांढरी पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकतात. फ्रान्सच्या मॉरिस रेनॉ या डॉक्टरांनी १८६२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला ‘रेनॉ’ म्हणतात. हा त्रास असलेल्या बहुतेक जणींना पुढे काही होत नाही, तेव्हा घाबरू नका.

मात्र सोबत बोटं सुजून अंगठी निघेना, कातडी ताठ होऊन मूठ वळेना, भाकरीचा घास गिळताना अडकू लागला, जिना चढताना दम लागू लागला, तर दाखवायलाच हवं. हा स्क्लेरोडर्मा असू शकतो. यात शरीराची राखण करणारी यंत्रणा आपल्याच अंगावर उलटते. बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि जखमेच्या वणासारखा चिवटपणा कातडीत, कधी फुप्फुसातही, साचत जातो. आजार विरळ आहे, पण झालेल्या पाचांत साधारण चार बायाच असतात, त्याही बहुतेक तिशी ते पन्नाशीच्या. हे कोड नाही, कुष्ठरोग नाही, कुणी केलेली करणी तर नाहीच. लागणही होत नाही, त्यामुळे त्या बाईचं ताट-तांब्या वेगळा ठेवायचं काही कारण नाही.

आता संशोधनाचं सांगते. या आजारात काही जणींचं बीपी एकदम भडकतं आणि किडन्या बंद पडतात. पूर्वी अशी बाई बहुधा वाचत नसे. ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाचा अभ्यास करताना शास्त्रज्ञांना बीपीच्या गोळीची वाट सापडली. कॅप्टोप्रिल तिचं नाव. १९७९ पासून ती या रुग्णांना देऊन पाहिली गेली. १९९० मध्ये अमेरिकेत हिशेब मांडला, तेव्हा या जातीच्या गोळ्या न मिळालेल्यांपैकी वर्षभरानंतर शंभरात १५ जण जिवंत होते, मिळालेल्यांपैकी ७६. गोळी वेळेवर सुरू व्हायला मात्र बीपी वाढल्याचं आधी कळावं लागतं, आणि बीपी तर आपल्या उपकेंद्रातही मोजतात!

दुसरी गोष्ट स्टिरॉइडची. सांधे दुखतात म्हणून सुई टोचून घ्यायची, दोन दिवस बरं वाटतं. पण या आजारात स्टिरॉइडचा मोठा डोस किडनीचा धोका वाढवतो, हेही अभ्यासातून पुढे आलं आहे. म्हणून कसली सुई, कसली गोळी, हे विचारत जा. आधीपासून चालू असेल तर मनानं एकदम बंदही करू नका, त्यानंही जीव धोक्यात येतो.

फुप्फुसासाठी मायकोफेनोलेट हे औषध आहे. २०१६ च्या अभ्यासात ते जुन्या जहाल औषधाइतकंच उपयोगी ठरलं आणि त्रास कमी झाला. २०१९ मध्ये निन्टेडॅनिबनं फुप्फुसाची झीज मंदावते असं दिसलं. मुळापासून बरं करणारं औषध अजून नाही. आणि यातली बरीच औषधं गरोदरपणात चालत नाहीत, तेव्हा दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर डॉक्टरांना लाजू नका, आधी सांगा.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये सांधेदुखीची मोठी पाहणी झाली, तेव्हा गावातल्याच स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन विचारलं होतं. आपल्या बायका दवाखान्यात सांगत नाहीत ते ओट्यावर बसून सांगतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे. गटाच्या बैठकीत एकदा बोटांचं विचारून तर बघा.

जिला त्रास असेल तिनं भांडी कोमट पाण्यात घासावीत, हातमोजे घालावेत आणि मिश्री सोडावी. तंबाखूनं रक्तवाहिन्या आणखी आवळतात. (मिश्रीचं नाव काढलं की बैठकीत हशा पिकतो, पण इथे खरंच बोट गमवायची वेळ येऊ शकते.) जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेडिसिन विभागात जा आणि ‘गारठ्यात बोटं पांढरी पडतात’ हे वाक्य सगळ्यात आधी सांगा. जमलं तर पांढऱ्या पडलेल्या बोटांचा मोबाइलवर फोटो काढून न्या, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत ती पुन्हा नेहमीसारखी झालेली असतात.