श्रीगणेशा झाला, पुढे काय? (नव्या सुरुवातीत देवाची जागा)



एखादं काम सुरू झालं की आपण मराठीत सहज म्हणून जातो, 'चला, श्रीगणेशा झाला!' म्हणणारा देव मानणारा असो वा नसो, शब्द तोच. नवी वही आणली की पहिल्या पानावर मधोमध 'श्री' लिहायचं. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढून तिची पूजा करायची. खंडेनवमीला आपापल्या अवजारांना हळदकुंकू वाहायचं. पाडव्याला गुढी उभारून काहीतरी नवं हाती घ्यायचं. सुरुवातीला देव हवा, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

पण मला सांगा, पहिल्या पानावरचा तो 'श्री' दहाव्या पानापर्यंत पोचतो का? वह्या तपासताना आपण सगळेच पाहतो. पहिलं पान मोत्यासारखं, पाचवं बरं आणि दहाव्या पानावर अक्षरं ओळ सोडून पळालेली! मोठ्यांच्या नव्या वर्षाच्या निश्चयांचंही तसंच होतं. म्हणून आजचा विषय हा : स्वतःत चांगला बदल करताना देवाला सोबत घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि ते मुलांना कसं सांगायचं?

१) नवस आणि संकल्प

हे दोन शब्द आपण नेहमी ऐकतो, पण त्यांतला फरक मुलांना क्वचितच सांगतो. नवस म्हणजे 'देवा, तू हे कर, मग मी ते करीन.' इथे पहिलं पाऊल देवाने टाकायचं. संकल्प म्हणजे 'मी हे करणार आहे, तू साक्षी राहा.' इथे पहिलं पाऊल आपलं.

आजारी लेकरासाठी आईने बोललेल्या नवसाला मी नावं ठेवणार नाही. तिथे माणसाच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. पण अभ्यास करणं, राग आवरणं, खरं बोलणं, मोबाइल बाजूला ठेवणं या गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. त्या देवावर ढकलायच्या कशाला?

घरातली एखादी पूजा आठवा. गुरुजी सुरुवातीला हातावर पळीभर पाणी देतात. संवत्सर कोणतं, महिना आणि तिथी कोणती, आपण कुठे आहोत, आपलं नाव-गोत्र काय आणि आपण काय करणार आहोत, हे सगळं म्हणून झालं की ते पाणी ताम्हनात सोडायचं. बघा हं, कोण, कुठे, कधी आणि काय, सगळं त्यात आलं! जुन्या लोकांनी संकल्प मोघम ठेवलाच नाही.

आपली मुलं मात्र हात जोडून म्हणतात, 'देवा, मला हुशार कर.' यात कधी नाही, काय नाही. त्याऐवजी 'मी रोज संध्याकाळी जेवणाआधी ओट्यावर बसून एक पान मोठ्याने वाचीन' असं म्हणायला शिकवलं तर? हा झाला संकल्प. तो पाळला की मोडला, हे मुलाला स्वतःलाच कळतं.

२) आधी नमन, मग काम, शेवटी मागणं

आपल्या परिपाठात पसायदान होतं. ते ज्ञानेश्वरीत कुठे येतं, हे मुलांना जरूर सांगा. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये पूर्ण झाली. ग्रंथाच्या आरंभी नमन आहे, तिथे शब्दांचंच रूप घेतलेला गणेश आहे. त्यानंतर अठरा अध्याय आणि सुमारे नऊ हजार ओव्यांचं काम आहे. आणि मागणं येतं ते अगदी शेवटी. तेही स्वतःसाठी नाही, सगळ्यांच्या भल्यासाठी!

मुलांना हा क्रम लगेच पटतो. सुरुवातीला नमस्कार, मध्ये भरपूर काम आणि काम झाल्यावर मागणं. आपण बहुतेक वेळा मधलं पान गाळतो.

दुसरं उदाहरण संत सावता माळी यांचं. सोलापूर जिल्ह्यातलं अरण हे त्यांचं गाव. देव भेटावा म्हणून त्यांनी मळा सोडला नाही. वाफ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल दिसला. म्हणजे देवासाठी वेगळा वेळ काढता आला नाही तरी हातातलं काम मन लावून, प्रामाणिकपणे केलं की देव त्या कामात आलाच. वर्गात फळा पुसणाऱ्या मुलालाही हे समजतं.

३) आणि यश मिळालं नाही तर?

खरी परीक्षा इथे असते. एका वर्षी शिष्यवृत्तीचा निकाल लागल्यावर माझी एक विद्यार्थिनी मला म्हणाली, "मॅडम, मी अकरा मंगळवार उपास केले, तरी गणपतीने माझं ऐकलं नाही. तो माझ्यावर रागावलाय का?" नऊ-दहा वर्षांच्या लेकराच्या तोंडी हा प्रश्न!

मी तिला विचारलं, "या दिवसांत तू अभ्यास कधी करायचीस?"

"पहाटे उठून. गणितं सोडवायचे."

"मोठा भागाकार आधी यायचा का?"

"नाही."

"आता?"

"आता येतो."

"मग तो कुठून आला गं?"

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मीच शिकले. पण गणपतीसाठी म्हणून लवकर उठत होते."

यापेक्षा चांगलं उत्तर मला देता आलं नसतं. तिची यादी हुकली होती, पण उठण्याची सवय आणि भागाकार तिच्याजवळच राहिले. पालकहो, मार्क कमी पडले की 'देव रागावला', खोटं बोललं की 'देव शिक्षा करील' असं मुलांना सांगू नका. अशाने मूल देवाला घाबरतं आणि पुढची सुरुवात करायलाही घाबरतं. चुकलं तरी उद्या पुन्हा ज्याच्यापुढे उभं राहता येईल, असा देव मुलांना द्या.

४) शाळेत काय, घरी काय?

वर्गात सगळ्या घरांतली मुलं असतात. कुणाच्या घरी श्रीगणेशा होतो, कुणाच्या घरी बिस्मिल्लाह म्हणून पहिला घास घेतात, कुणी जेवणाआधी येशूचे आभार मानतं. बौद्ध घरातलं मूल त्रिशरण-पंचशील म्हणतं. तिथे देवाकडे मागणं नसतं, पण स्वतःला दिलेलं वचन असतंच. काही पालक देव मानत नाहीत, त्यांचाही मान राखायला हवा. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणून देव कोणता, हे सांगणं आपलं काम नाही. परिपाठातलं मौन मात्र सगळ्यांचं आहे. त्या वेळी मुलांना एवढंच सांगा, 'आज मी कोणती एक गोष्ट नीट करणार आहे, ते मनात म्हणा.' कुणाला सांगायचं, ते ज्याचं त्याला ठरवू द्या.

घरी मात्र पालकांना हे करून पाहता येईल :

• मुलाला एकच लहान संकल्प करू द्या. तो त्याच्या शब्दांत असावा, तुमच्या नव्हे.
• आई-वडिलांनीही एक संकल्प करावा आणि मुलासमोर तो बोलून दाखवावा.
• रात्री दोन मिनिटं बसून 'आज जमलं का?' एवढंच विचारा. ओरडा नको.
• जमलं तर देवाचे आभार, नाही जमलं तर 'उद्या पुन्हा.'
• शेवटी मुलाला दुसऱ्या कुणासाठी तरी एक मागणं मागू द्या. आजीचे गुडघे, शेजारची गाय, वर्गातला आजारी मित्र, कुणीही चालेल.

महिनाभर करून पाहा. मग मुलाची वही उघडा आणि दहावं पान काढा. तिथे 'श्री' लिहिलेला नसेलही. अक्षर ओळीत बसलेलं दिसलं, तर तो तिथे आहेच असं समजा.

तुमच्या मुलांच्या आणि तुमच्याही नव्या सुरुवातीला मनापासून शुभेच्छा!