आरोग्यसेवा सुधारली, हे कसे ओळखावे?

एखाद्या गावी नवी आरोग्यसेवा सुरू झाली आणि दोन वर्षांनी बालमृत्यू घटले, तर ते श्रेय त्या सेवेचेच, असे आपण सहज म्हणतो. परंतु त्याच काळात पक्का रस्ता झालेला असतो, पीकपाणी बरे झालेले असते. केवळ 'पूर्वी' आणि 'नंतर' यांची तुलना म्हणूनच फसवी ठरते.

वैनगंगा बालाघाटहून पुढे ज्या गडचिरोली जिल्ह्याकडे वाहत जाते, तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक रीत घालून दिली. नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्यासाठी ३९ गावे निवडण्यात आली व तुलनेसाठी ४७ गावे ठेवण्यात आली. सेवा सुरू करण्यापूर्वी, १९९३ ते १९९५ ही दोन वर्षे, केवळ मोजणी झाली. दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू एकीकडे ६२, तर दुसरीकडे ५८ होते. म्हणजे आरंभ जवळजवळ सारखा होता. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, सेवेच्या गावांत हे प्रमाण २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत मात्र ते घटले नाही. रस्ता, पाऊस, पीक ही कारणे दोन्हींकडे सारखीच मानली, तर उरलेला फरक सेवेचा होय. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आकड्यांत नाही. सेवा देणाऱ्या आरोग्यदूत निराळ्या आणि जन्ममृत्यू नोंदविणारे निराळे होते. स्वतःच्या कामाचे गुण स्वतःच लिहिण्याची पाळी कोणावर आली नाही. (शाळेच्या परीक्षेत आपण हे पाळतो, कचेरीच्या अहवालात विसरतो.) तथापि गावांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, ही उणीव राहतेच. पुढे बांगलादेशातील सिल्हट येथे चिठ्ठीच्या पद्धतीने अभ्यास झाला. तेथील घट सुमारे ३४ टक्के आढळली. दिशा तीच, माप लहान.

२०११ पासून केंद्र शासनाच्या कार्यक्रमानुसार आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा, व प्रसूती घरीच झाली असल्यास सात, भेटी देतात. गडचिरोलीत जंतुसंसर्गावर गावातच औषधोपचार होत असे. आशा सामान्यतः आजारी बालकास रुग्णालयात पाठविते. यास्तव तेथील आकडा बालाघाटला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. येथील मोजणी येथेच व्हावयास हवी.

आणि येथेच खरी अडचण आहे. एकदा रडून गेलेले बाळ पुष्कळदा 'मृत जन्मले' असे सांगितले जाते, वा त्याची नोंदच होत नाही. नोंद सुधारली की प्रथम मृत्यूदर वाढल्यासारखा दिसतो. अशा वेळी अधिकाऱ्यांनी प्रामाणिक कार्यकर्तीस जाब विचारला, तर पुढील वर्षी कागद स्वच्छ होईल, बाळे मात्र जातच राहतील. १९६९ च्या कायद्यान्वये जन्म व मृत्यू २१ दिवसांत कळवावयाचे असतात. बाळ जन्मल्यावर रडले होते काय, श्वास घेतला होता काय, हे घरच्यांना विचारून मगच कोटवाराने वा शिक्षकाने नोंद सांगावी.